विलासचं काम अजून उघडंच आहे

अध्यक्षसाहेब, वहिनी आणि जमलेली मंडळी,

काष्टीचा बाजार सोडून तुम्ही विलासच्या शोकसभेला आलात. मला बोलायला उभं केलंय. आणि खरं सांगू? पोटात दुखतंय ते नुसतं दुःखानं नाही.

मी दत्ता काळे, दूध आवक विभाग. विलास आपल्या संघाचा संगणकवाला. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो. पण घोळका कुणाभोवती? विलासभोवती. चहा आधी कुणाला? विलासला. मला हेवा वाटायचा. वहिनी, रागावू नका, आजही वाटतोय. एवढी माणसं माझ्यासाठी येतील का?

संगणक नवे आले तेव्हा आपण टेबलावरच्या पडद्याला हळदकुंकू वाहिलं होतं. एकदा हिशोब विभागातल्या जगूमामांच्या हातून त्यांचा पडदा पडून फुटला. मामा रडायलाच लागले. "समद्या गावांचा हिशोब बुडवला म्या!"

विलास हसला. "मामा, ह्यो नुसता नळ हाय. टाकी म्हंजी मोठा संगणक, त्यो आत गार खोलीत. नळ तुटला म्हनून टाकीतलं दूध नासतं व्हय?"

मग मला उठवलं, मामांना माझ्या खुर्चीत बसवलं, त्यांचं नाव टाकायला लावलं. मामांची अर्धवट राहिलेली नोंद जशीच्या तशी माझ्या पडद्यावर! सगळे विलासकडे बघत राहिले. टेबल माझं, खुर्ची माझी, आणि कौतुक त्याचं. असा जळलो होतो मी!

शिस्त त्यानं एकच लावली. "उठताना आपलं काम बंद करून उठा. न्हाईतर आतल्या संगणकाला वाटतं, मानूस बसलेलाच हाय."

आणि मंगळवारी तोच छाती धरून उठला. काम बंद करायचं राहिलं. गार खोलीतल्या संगणकावर अजून त्याचं नाव दिसतंय. जागेवर आहे म्हणून.

पुण्याचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "कुणालाही सांगा, बंद करेल."

कुणालाही? नाही, अध्यक्षसाहेब. तुम्हा सगळ्यांच्या वाट्याला विलास भरपूर आला. एवढं एक माझ्यासाठी ठेवा. दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपणार नाही.

ही सभा उठली की मी त्याच्या खुर्चीत बसेन आणि बंद करीन. तोवर तो जागेवर आहे.

म्हणून मंडळी, दोन मिनिटं उभे राहू या. कुणी आवाज करू नका. आपला विलास काम करतोय.