खुशालीचा निरोप

दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या बाकावरच्या बापलेकीचं बोलणं पडत होतं.

"बाबा, तुमच्या झोपेत श्वासाला मदत करणाऱ्या मशीनला स्वतःचं वायफाय आहे, पण त्यावर इंटरनेट नाही. तुमचा फोन त्यालाच चिकटून बसायचा, म्हणून तुमची खुशाली मला कळायची नाही."

"मग आता?"

"आता मी अ‍ॅपच बदललंय. मशीनशी बोलणं वायफायवरून, मला निरोप मोबाइल डेटावरून."

"हुशार माझी लेक."

"तरी सकाळी निरोप येत नाही. जीव मुठीत धरून धावत येते, तर तुम्ही निवांत चहा पीत बसलेले."

"रेंज नसेल."

"रेंज आहे. डेटा बंद असतो. कोण करतं बंद?"

म्हातारबाबा चष्मा पुसत राहिले.

"बाबा, मी विचारतेय."

"निरोप पोचला, की तू येत नाहीस गं."

म्हातारबाबांनी खिशातून फोन काढला.

"परवा धावताना जिन्यात धडपडलीस, तेव्हाच चालू करणार होतो. पण मन होईना. घे, तूच कर."

"केला चालू. उद्या निरोप आला, की येते."

"आला, की?"

"हो. सावकाश, कठडा धरून."