भुतानं घेतलेला निरोप

चहा उकळतोय तोवर ऐका, आमच्या सुनेनं भूत कसं घालवलं ते.

पिंप्राळ्यात आमच्याच घरी ती मैत्रिणींसोबत फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळते. गोष्ट ती रचते, पण त्यात कोण जिंकणार ते फासा ठरवतो. तिच्या गोष्टीतल्या विहिरीतल्या भुताच्या बाईनं तिच्या मैत्रिणीची, पल्लवीची, खरोखरची झोप उडवली होती. सून म्हणाली, "नाना, आज त्या बाईला कायमची घालवते."

फासा पल्लवीच्या बाजूनं पडला. सून बाईच्या आवाजात हळूच म्हणाली, "बरं, येते मी."

आपल्यात 'जाते' कोण म्हणतं?

पल्लवीही सवयीनं म्हणाली, "हो, ये."

मी म्हटलं, "आवतण तर तूच दिलंस, माय."

पल्लवी घरी जायला उठली, पण दारात काय म्हणून निघावं ते तिला सुचेना.