दोन बसच्या पलीकडचं औषधाचं दुकान

"हॅलो?… कोण, मॉयरा?… अगं, जरा हळू बोल. काय केलंस म्हणालीस?"

इश्बेलने फोन उजव्या कानावरून डाव्यावर घेतला. डाव्या कानाने तिला कमी ऐकू येई, आणि धाकट्या बहिणीचं बोलणं ती शक्यतो त्याच कानाने ऐकत आली होती. शुक्रवारचे दुपारचे साडेतीन वाजले होते. मॉयरा आर्ब्रोथला राहायची, इश्बेलच्या डंडीपासून आगगाडीने वीस मिनिटांवर. म्हणजे दोघींची भेट नाताळला किंवा कुणाच्या तरी मयताला.

"कोंडलंस?… यूअनला?… मागच्या खोलीत. बरं. आणि किल्ली?… ॲप्रनच्या खिशात."

यूअन मॉयराचा एकुलता एक. वय सव्वीस, कामाला माशांना धुरी देण्याच्या कारखान्यात, आणि गेली दोन वर्षं हेरॉइनवर. काल रात्री तो आपणहून म्हणाला होता, की आई, मला हे सोडायचंय. मॉयरा चर्चच्या महिला मंडळाची चिटणीस. यादी करून सुटणार नाही असा प्रश्न तिने अजून पाहिला नव्हता. तिने लगेच यादी केली: सूप एक पातेलं, गरम पाण्याच्या पिशव्या दोन, बादली एक, कुलूप एक.

"टीव्ही कशाला काढून घेतलास गं?… मन एकाग्र व्हावं म्हणून. हो, हो… बादली दिलीस ते बरं केलंस… सूप भिंतीवर फेकलं नसेल गं त्याने. पोटात ठरलं नसेल."

पलीकडे मॉयरा अभिमानाने सांगत होती, की तीन-चार दिवसांचा प्रश्न आहे, मंगळवारी पोरगा नवाकोरा होऊन बाहेर येईल. इश्बेलने तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात ताटं मोजली होती. ती बोटांवर मोजू लागली.

"शेवटचं कधी घेतलं त्याने?… काल आठला. म्हणजे साडेएकोणीस तास… नाक गळतंय? अंगावर काटा?… पाय झाडतोय. दारावर पण? बरं… अगं ऐक ना. मॉयरा. ऐक. दार उघड, आणि क्लिनिकला फोन कर. आजच. पाचला बंद होतं ते, मग एकदम सोमवार."

मॉयराला क्लिनिक नको होतं. पोराला मोकळं करायचं सोडून ते दुसरंच काहीतरी चालू करून देतात, असं तिने ऐकलं होतं.

"देतात. गोळी देतात, जिभेखाली ठेवायची. हा त्रास चांगला सुरू झाल्यावरच देता येते ती. आधी दिली तर उलट हाल होतात. तुझा पोरगा तेवढी वाट चालून आलाय, तुझ्या कुलपात का होईना… तासा-दोन तासांत पाय झाडणं कमी होतं. झोप लागते. मग सूप पाज हवं तेवढं."

एक नशा सोडायची आणि दुसरी धरायची, त्यात काय मिळवलं, असं मॉयरा म्हणाली. नेमके हेच शब्द, हाच सूर इश्बेलने दुसऱ्या एका तोंडून ऐकला होता. ते तोंड तिचं स्वतःचं होतं. त्यांच्या आईचे चिनी मातीचे कप मॉयराकडे गेले. हे वाक्य मात्र दोघींच्या वाट्याला सारखं आलं होतं.

"नशा नाही चढत गं. डोकं ताळ्यावर राहतं, कामावर जाता येतं. तू रक्तदाबाची गोळी घेतेस ना रोज?… हो, ती वेगळी. तुझं सगळंच वेगळं असतं… आणि समजा, निघालं सगळं चार दिवसांत. अंगातून निघेल, डोक्यातून नाही निघत ते. पुढच्या आठवड्यात मोह झाला, की तो जुन्याच मापाने घेणार. अंगाची सवय तोवर मोडलेली… हो. त्यानेच जातात."

मग मॉयराने खरी अडचण सांगितली. सुरुवातीला ही औषधं रोज दुकानात जाऊन, दुकानदारासमोर घ्यावी लागतात. दुकान भर बाजारात. महिला मंडळाच्या अध्यक्षा मिसेस पिरी खोकल्याच्या गोळ्या तिथूनच घेतात, आणि त्यांचा खोकला बारमाही. शिवाय, मॉयराने विचारलं, इश्बेलला यातलं एवढं कसं ठाऊक? तिचा मुलगा क्रेग दोन वर्षांपूर्वी गेला, पण त्याचं बापड्याचं हृदयच कमजोर होतं. देवाने तिला निदान हे तरी दाखवलं नाही.

इश्बेल खुर्चीवर बसली. फोन परत उजव्या कानाला लावला.

"मॉयरा… क्रेगचं हृदय ठणठणीत होतं."

म्हणजे काय, असं मॉयराने विचारलं.

"मेथाडोनवर होता तो. हिरवं पातळ औषध असतं, इवल्याशा कपातलं. चौदा महिने… हो, चौदा. वजन वाढलं होतं. फरश्या बसवायचं काम शिकत होता. तूच म्हणाली होतीस नाताळला, की क्रेग बरा दिसतोय."

मग तिने ते सांगितलं, जे दोन वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगताना ती टेबलावरचा एकच ब्रेडचा कण बोटाने इकडून तिकडे नेत होती. औषधाचं दुकान त्यांच्याच रस्त्यावर, घरापासून चाळीस पावलांवर होतं. समोर बसथांबा, सगळी गल्ली तिथे उभी. तिने क्रेगला सांगितलं, की एक तर ते दुकान, नाहीतर हे घर. तेव्हा तो गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागला. रोज सकाळी दोन बस बदलून. कधी कुरकुरला नाही. आई, बसमधून नदी छान दिसते, एवढंच म्हणायचा.

"जानेवारीत ते बर्फ पडलं ना… हो, तेच. तीन दिवस बस बंद. तो चालत निघाला होता गं, बूट घालून दारात उभा होता. मीच म्हणाले, दोन-तीन दिवसांनी काय होतंय. वाटलं, सुटेल आपोआप. खरं सांगू? मला बरंच वाटलं… चौथ्या दिवशी बस सुरू झाली. पण ओळीने तीन दिवस चुकले की जुनं माप देत नाहीत. देताच येत नाही, अंगाला झेपेल का ते डॉक्टरने आधी बघावं लागतं. तो शुक्रवार होता. डॉक्टर सोमवारी… नाही, दुकानातल्या पोरीची चूक नाही. ती रडवेली झाली होती म्हणे. दहा ठिकाणी फोन केले तिने… चाळीस पावलांवरचं दुकान असतं तर एकही दिवस चुकला नसता, मॉयरा. शनिवारी दुपारी मी त्याला जेवायला हाक मारली, तो उठलाच नाही. बाहेरून आणून घेतलं होतं त्याने, पूर्वीच्याच मापाने."

यावर मॉयरा जे बोलली ते डाव्या कानालाही ऐकू गेलं असतं. मयताच्या दिवशी तिने दीडशे सँडविचं केली होती, आणि प्रत्येक सँडविचबरोबर एकेकाला हृदयाची गोष्ट सांगितली होती. चर्चमध्ये. पाद्रीबाबांना सुद्धा.

"हो… हो. तुझ्या तोंडून मीच वदवलं ते… खोटारडी म्हण… म्हण की, आहेच मी. पण पावणेचार होऊन गेले, मॉयरा. मला शिव्या सोमवारी दिल्यास तरी चालतील, क्लिनिकचा फोन सोमवारी नाही चालणार."

पलीकडे खुर्ची सरकली. मग कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज, यूअनचं काहीतरी न समजणारं बोलणं, आणि मॉयराचं 'अरे देवा'. इश्बेलने डोळे मिटून घेतले. आली की नाही परत फोनवर? आली.

"कसा आहे?… थरथरू दे, नुसतं पांघरूण घाल. घोट घोट पाणी दे… नंबर सांगते, लिही. बघायला नको, पाठ आहे मला… लिहिलास? सांग त्यांना, काल रात्री आठला घेतलं होतं, आज सगळा त्रास सुरू आहे, आणि त्याला स्वतःला सोडायचंय. हे शेवटचं नक्की सांग… तुझा मोबाइल कुठाय?… विकला. यूअननेच. बरं. मग याच फोनवरून कर."

मॉयराने हळूच विचारलं, की उद्या दुकानात मिसेस पिरी भेटल्या तर.

"तर काय, नमस्कार कर. आणि तू त्याच्याबरोबर जा गं. शेजारी उभी राहा… मी? नाही. एकदाही नाही गेले."

फोनवर आता नुसतं रडणं येत होतं. घड्याळात चारला पाच कमी होते. मग रडता रडताच मॉयराने विचारलं, की शेवटचं काय बोलला क्रेग? त्या शनिवारी सकाळी कसा होता तो? काय खाल्लं होतं त्याने?

"त्या सकाळी?…"

इश्बेलने घड्याळाकडे पाहिलं.

"सांगेन. सगळं सांगेन गं. पण आत्ता फोन मोकळा कर… नाही, आत्ता नाही… मॉयरा, तू ठेवतेस की मी ठेवू?… मी ठेवतेय."

आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी क्रेगबद्दल विचारत असताना, इश्बेलने फोन ठेवला.