गुडघ्यामागचं कोण बघणार?

...नाही, पण मी म्हणते, बरणीचं झाकण उघडलं नाही म्हणून माणूस रडतं का? मी रडले! भर दुपारी, ओट्यापाशी, बरणी पोटाशी धरून! शेजारच्या वहिनी आल्या, म्हणाल्या, "अगं, बाळंतपणात विश्रांती घेतली नाहीस, ते आता निघतंय." अडीच वर्षांनी? कुठे अडकलं होतं म्हणे इतके दिवस? नवरा परगावी नोकरीला, त्याचा निकाल फोनवरच, "तू ना, फार विचार करतेस." आणि सासूबाई? "आमच्या वेळी दुखायला सवड होती कुणाला!" तुम्हाला सांगते, दुखणं माझं, मतं सगळ्यांची!

बरं, दुखणं तरी साधं असावं? आज गुडघा टम्म, उद्या मनगट, परवा बोटं अशी आखडलेली, की लेकीच्या फ्रॉकचं बटण लागेना, आणि तिला कडेवर घ्यायला वाकले तर मीच खाली! मग सांध्यांचे मोठे डॉक्टर. ते चष्मा पुसत म्हणतात, "कसं आहे ताई, तुमचं शरीर स्वतःवरच हल्ला करतंय." आणि खरं सांगू? मला लगेच पटलं! का नाही पटणार? शाळेत पेपर देऊन घरी पोचेपर्यंत मी स्वतःला चार विषयांत नापास करून ठेवायची... आता शरीरानेही तेच मनावर घेतलं, म्हटलं, वळण चांगलं आहे.

गोळ्या सुरू. तोंड सुजून भोपळा, गुडघा होता तिथेच. सासूबाई मुक्कामाला आल्या आणि लेकीचं अंथरूण त्यांच्या खोलीत गेलं. "आईकडे नाही हं जायचं, आईला आराम!" दुपारी भिंतीपलीकडून गोष्ट ऐकू यायची. माझीच गोष्ट हो, पण त्यात कोल्ह्याच्या जागी लांडगा! मी इकडे पडल्या पडल्या पुटपुटायची, "कोल्हा... कोल्हा..." ऐकतंय कोण? आराम होता ना मला!

मग मोठे डॉक्टर रजेवर आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई. पुढची, आणखी जालीम औषधं लिहायच्या आधी त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे सुरू व्हायच्या आधी कुठे गवतात वगैरे गेला होतात?" गेलो होतो की! घरामागच्या मैदानात, रोज संध्याकाळी. एकदा लेकीच्या मोज्यावर गोचीड सापडली, तेव्हापासून मी तिला घरी आल्यावर नखशिखांत तपासायची, कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत... त्या म्हणाल्या, "आणि तुम्हाला कोण तपासायचं?"

मला? मला कोण तपासणार?

आणि एकदम आठवलं. तेव्हा लेक नुकतीच 'गोल' म्हणायला शिकली होती. ताटली गोल, दिवा गोल, सासऱ्यांचं पोट गोल! तशीच एकदा माझ्या मागे येऊन, गुडघ्याच्या मागच्या खळगीत बोट खुपसून म्हणाली, "आई, गोल!" मी भाजी ढवळत म्हटलं, "हो गं माझी शहाणी," आणि वळूनही पाहिलं नाही. तांबडा गोल चट्टा असणार तो, गोचिडीने चावल्याचा! पण गुडघ्यामागचं आपलं आपल्याला दिसतं का? तिथे बघायला दुसरं माणूस लागतं... आणि माझं दुसरं माणूस होतं जेमतेम सव्वादोन वर्षांचं.

रक्त तपासलं, गोचिडीच्या चाव्यातून येणारा, सांधे धरणारा आजार निघाला. शरीर बिचारं निर्दोष! औषध बदललं आणि काही आठवड्यांत मी बरणी उघडली, उगीचच, तीनदा! वहिनी म्हणाल्या, "मला संशय होताच." नवरा म्हणाला, "बघ, विचार करणं सोडलंस म्हणून." दुखणं माझं, मतं सगळ्यांची!

परवा संध्याकाळी मी जमिनीवर उकिडवी बसले, गुडघा हूं की चूं नाही, दोन्ही हात पसरले आणि म्हटलं, "ये गं, कडेवर घेते!" लेक आली. आधी मागे गेली, वाकून माझा गुडघा पाहिला. "गोल नाही," म्हणाली. मग पुढे येऊन माझे पसरलेले हात एकेक करून खाली ठेवले, गालावर थोपटलं, आणि अगदी सासूबाईंच्या सुरात, "आईला आराम हं," म्हणून आजीच्या खोलीत निघून गेली.

दुखणं गेलं हो... मत तेवढं राहिलं.