शेंड्याकडून विंचरणारं गाव

अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्ट गावच्या बसथांब्यावर, रांगेत हेझलबाईंच्या पुढेच एक जोडपं, कुठल्या गावात बिऱ्हाड करायचं यावरून वाद घालत होतं. बाई गोरी, नवरा काळा, मधे दाट कुरळ्या केसांची सहा वर्षांची पोर.

"शाळा इथलीच चांगली."

"अगं, पण घरं शेजारच्या नॉर्थॅम्प्टनला बरी."

"नॉर्थॅम्प्टनच!" पोर म्हणाली. "तिथल्या सलूनवाल्या मावशींनी माझे केस ओले करून शेंड्याकडून विंचरले. जरासुद्धा दुखलं नाही!"

"म्हणजे, मी विंचरते तेव्हा दुखतं?"

"रोज."

"मग बोलली का नाहीस गं कधी?"

"विंचरताना तू गाणं म्हणतेस ना! ते थांबलं असतं."

मग त्या आईने मागे वळून विचारलं, "नॉर्थॅम्प्टनची बस कुठली हो?"

हेझलबाईंनी नुसतं बोट दाखवलं.