माझ्या भागात काही होत नाही

...आणि टाळ्या कोणाला? त्याला! ज्याने बिघडवलं त्यालाच! तुम्हाला सांगते, मी प्रोग्रॅम लिहिते, पार्सलच्या कंपनीत, आमच्या गाड्यांनी कुठल्या रस्त्याने जायचं ते माझा प्रोग्रॅम ठरवतो, आणि गाड्या जातात, येतात, चुकत नाहीत... मग? मग काय, काही होत नाही!

शेजारच्या टेबलावर एक सहकारी, आमचे बंबवाले. नाव मीच ठेवलंय, सारखे आग विझवत असतात म्हणून. 'तुमचं पार्सल कुठवर आलं' हे गिऱ्हाइकांना सांगणारा प्रोग्रॅम यांचा, आणि तो असा नाजूक, की जरा गर्दी झाली की मान टाकतो. मग सगळा मजला उभा! फोन खणखणतात, बंबवाले बाह्या सरसावतात, "कोणी बोलू नका माझ्याशी" म्हणतात, तासाभरात स्वतःचीच चूक शोधून काढतात, आणि साहेब पाठीवर थाप मारून म्हणतात, "वाचवलंस रे बाबा!" वर केक येतो हो! कापायला मला बोलावतात. सारखे तुकडे बायकांनाच जमतात म्हणे.

यंदा टीमच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. मला हवी होती, खोटं कशाला बोलू, अगदी मनापासून हवी होती. साहेबांनी समोर बसवलं, चहा मागवला, आवाज गोड केला. "मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे, पण वर दाखवायला काहीतरी लागतं ना? तुमच्या भागात वर्षभर काही झालंच नाही." अहो, ते होऊ नये म्हणूनच तर मी येते इथे! बंद पडलेला पूल, खणलेला रस्ता, पत्ता उलटासुलटा लिहिणारं गिऱ्हाईक, सगळ्याचा विचार मी आधीच करून ठेवलाय... पण जे झालंच नाही, त्याला केक कोण आणणार?

आईला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "मग तूही एकदा बंद पाड की." पटलं मला! दुसऱ्या दिवशी बसले, एक छानशी चूक लिहिली, अगदी ठेवणीतली, दिली पुढे सोडून. आणि? काही होत नाही! माझ्याच तपासण्यांनी पकडली. चूक बाहेर जाऊ नये म्हणून मीच बसवलेला पहारा, तो मला बरा सोडेल! आणखी एक लिहिली, तीही पकडली. शेवटी पहाराच काढायला गेले, तर हात चालेना. त्या गाड्यांत कोणाकोणाची औषधं असतात हो...

तशीच उठून साहेबांकडे गेले. म्हटलं, "बंबवाल्यांचा प्रोग्रॅम माझ्या हाताखाली द्या. केक बंद झाला तर जागा माझी." साहेब हसले, पण दिला. बंबवाले चिडले, रुसले, मग शिकले. माणूस हुशार आहे, फक्त आधी विचार कर असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ऐन गर्दीचा हंगाम आला, गेला, एक फोन वाजला नाही. जागा मिळाली! दारावर पाटी लागली!

आणि मध्यंतरी साहेब डोकावले. सगळे निवांत कामात, बंबवाले तर चक्क शीळ घालतायत. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे सगळं आरामात चाललंय, मग एवढी माणसं लागतात कशाला?"

हल्ली मीटिंगला जाताना मी केस जरा विस्कटून जाते.