दुसऱ्या भागातली सवत

हॅलो?… हां, बोल गं. आत्ताच आले, चप्पलसुद्धा पायातच आहे… अगं, मृत्यू नोंदणीच्या ऑफिसात. पाचवी खेप… नाही, नाही, झालं! झालं म्हणते ना काम!

थांब, पंखा लावते… हं.

तो दाखला गं. तुझे भावोजी साथीत गेले, सतरा दिवस नळ्या लावून पडले होते, मला काचेतूनसुद्धा दिसले नाहीत, आणि मूळ कारण काय लिहिलं होतं? मधुमेह!… आणि साथ? ती दुसऱ्या भागात, ‘इतर आजार’ म्हणून… मग काय तर! साथीच्या आकड्यात हे नव्हतेच.

काय फरक पडतो? वा गं वा, तूही तेच म्हण! बावीस वर्षं मी ती साखर ताब्यात ठेवली. सकाळी सात वाजता हे पेपर वाचता वाचता बोट पुढे करायचे, वर बघायचेसुद्धा नाहीत, आणि मी टोचायची. एकशे दहा. एकशे अठरा. ‘माझी सवत’ म्हणायची मी तिला… हो, तूच खिदळायचीस. आणि आता तिनेच नेलं म्हणून लिहायचं? माझ्या नाकावर टिच्चून?

चूक ना? माझीच… अगं ऐक ना, माझीच! दाखल करताना हॉस्पिटलातून फोनवर विचारलं, काय होतंय त्यांना? तर मी आधी काय बोलले? ‘शुगर आहे हो, बावीस वर्षांची, चहा बिनसाखरेचा द्या.’ ताप, धाप सगळं नंतर. तिथल्या बाईने तसंच उतरवलं, आणि शेवटी दाखलाही त्याच कागदावरून भरला.

नाही गं, कारकून भला माणूस. त्यानेच कागद पुढ्यात ठेवून समजावलं. पहिल्या भागात, कशामुळे काय झालं ते. श्वास थांबला, का तर न्यूमोनिया, का तर साथ. सगळ्यात खालची ओळ ती मूळ कारणाची, तीच मोजतात. सोबत काय होतं, ते दुसऱ्या भागात… हो, डॉक्टरांची नवी सही आणली. आता मोजले त्यांना.

मग तो घाबरत घाबरत म्हणतो, ‘शुगर पुसता येणार नाही हं बाई, दुसऱ्या भागात राहणार.’ म्हटलं, राहू दे बाबा. होतीच ना सोबत. जन्मभर सवत, आता पुसून कुठे घालवू?

रडत नाहीये… बरं, रडतेय. आठवण येते गं. फार येते. सात वाजले की हात आपसूक त्या मशीनकडे जातो. आज माझंच बोट टोचलं… वेडी नाही झाले! नुसतं… कुणाचं तरी बोट हातात धरावंसं वाटलं… किती? पंच्याण्णव. सांगायला कोण आहे?

काय म्हणतेस? हो, घेते ना चहा, आधण ठेवलंय… गोड? बरं बाई, आज गोड. तेवढं काम तर केलंच मी. धर हं, डबा बघते…

…अगं.

घरात साखरच नाही गं. बावीस वर्षांत आणलीच नाही मी… नको, तू येताना आणू नकोस… नको म्हटलं ना.

ह्यांना चालत नाही.

…ठेवते गं.